आयत्या वेळचा विषय

घरात असो की पंचायतीत, काम आधी कागदावर मांडल्याशिवाय मला सुचत नाही. सभेची नोटीस हातात पडली की मी विषयांच्या आकड्यांपुढे माझ्यापुरत्या खुणा करायची. कशाला हो म्हणायचं, कशाला नाही, कुठं काय विचारायचं. बायकांसाठी राखलेल्या जागेवर मी पंचायतीत आले तेव्हा पहिल्याच सभेत मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी वाण्याची यादी घेऊन आल्या." सगळे हसले, मीही हसले. कागद मात्र पिशवीत ठेवला नाही.

आमचं गाव भोसरीच्या पुढं, नाशिकच्या रस्त्याला लागून. माझं माहेर सांगवी, नदीकाठचं. तिथं घागर बुडवली की भरली. इथं सासरी आले तेव्हा उन्हाळ्यात विहिरीचा दोर हातभर वाढवावा लागतो हे प्रथम कळलं. चैत्रात आम्ही बायका आळीपाळीनं दोर ओढायचो, तळहात सोलून निघायचे. पिंपरीला कारखाना उभा राहू लागला आणि रात्री तिकडचं आकाश उजळ दिसायला लागलं, तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं. गावात वीज यावी आणि विहिरीवर पंप बसावा. दिव्याचं कौतुक पुरुषांना होतं. मला पाणी हवं होतं.

गावात पार्ट्या दोन, वरची आणि खालची. पूर्वी कधीतरी ओढ्यावरच्या बंधाऱ्यावरून फाटलं होतं, पुढं निवडणुका आल्या तेव्हा एकीनं एक झेंडा धरला म्हणून दुसरीनं दुसरा. सरपंच वरच्या पार्टीचे. खालच्या पार्टीच्या पुढाऱ्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. माणसं दोघंही चांगली. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात सरपंचांनी बैलगाडी दिली होती आणि तात्या सोबत दवाखान्यात बसले होते. पण सभेत समोरासमोर आले की एकाचा कोंबडा आरवला म्हणून दुसऱ्याला उजाडलेलं चालायचं नाही. माझं घर वरच्या आळीत, म्हणून मी न विचारता वरच्या पार्टीची धरली गेले होते.

त्या उन्हाळ्यात विजेच्या लाइनीचे खांब रस्त्याच्या कडेनं चाकणच्या दिशेनं सरकत होते. खड्डे खणायला मोगलाईतून, म्हणजे मराठवाड्याकडून, आलेली दुष्काळी माणसं होती. ती रस्त्याकडेला पालं टाकून राहायची, आणि खांब पुढं गेले की पालंही पुढं जायची. तारा खांबावर ज्यावर बसवतात त्या चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्या खोक्यांतून आल्या होत्या. भवऱ्यासारखा घाट, तपकिरी-पांढरी चकाकी, आणि उलटी धरली तर मधोमध एक भोक व भोवती खोलगट कडं. गावातल्या प्रत्येक पोराला ती हवीहवीशी वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

सभेच्या आदल्या दिवशी रखवालदाराला खोक्यात चार वाट्या कमी भरल्या. शोधता शोधता त्या एका पालात सापडल्या. खड्डे खणणाऱ्याची मुलगी, अकरा-बारा वर्षांची, तिनं नेल्या होत्या. विजेचे साहेब बघेपर्यंत त्या जिथल्या तिथं राहू द्या, असं रखवालदार म्हणाला. आई पावसाळ्यात गेलेली, घरात बाप, ती आणि एक रांगतं लेकरू. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस पाटलांनी तिला आणून चावडीच्या ओसरीवर बसवलं.

मी पाण्याची खेप टाकून तिकडं गेले. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. मी तिला नाव-गाव विचारलं, वाट्या का घेतल्यास म्हणून विचारलं, तिनं एकाचंही उत्तर दिलं नाही. मी उठायला लागले तेव्हा माझा पदर धरून म्हणाली, "मावशे, लेकरू रडायलंय का बघ. अन् वाट्यात पाणी घाल. वाळलं की मुंग्या चढत्यात."

मला काही उलगडलं नाही. पण पाणी घाल म्हटल्यावर मी गेले. पालात चार काठ्या उभ्या करून वर पोत्याची झोळीवजा बाज बांधलेली होती, आणि तिच्यावर लेकरू झोपलेलं. चारही काठ्यांची टोकं त्या चिनी मातीच्या वाट्यांच्या भोकांत नेमकी बसवलेली होती, भोवतीच्या कड्यात पाणी. जाळीच्या कपाटाचे पाय आपण पाण्याच्या वाट्यांत ठेवतो, तसंच. दोन वाट्या कोरड्या पडल्या होत्या, आणि एका काठीवरून लाल मुंग्यांची रांग निम्म्यापर्यंत चढलेली होती. मी फडक्यानं मुंग्या झाडल्या, कडी भरली आणि शेजारच्या पालातल्या म्हातारीला घटकाभर लक्ष ठेवायला सांगून सभेला गेले. रस्त्यानं मनात आलं, आपल्या घरच्या कपाटाखाली आपण पितळी वाट्या ठेवतो, त्या सारख्या कलंडतात. ही युक्ती आपल्याला कधी सुचली नसती.

सभेच्या नोटिशीवर विषय क्रमांक चार होता, गावात वीज घेण्याबाबत विचार करणे. त्यापुढं मी हो अशी खूण केली होती. आमच्यातले दोघं सभासद कांद्याच्या गाड्या घेऊन चाकणच्या बाजाराला गेलेले, खालच्या पार्टीतला एक लग्नाला. उरलेल्यांत दोन्ही बाजू समसमान होत्या, आणि तसं झालं की सरपंचांचं जादा मत. म्हणजे वीज येणार हे ठरल्यासारखं होतं. मी हिशेब करून निवांत बसले होते.

विषय चारपाशी आलो तेव्हा सरपंच म्हणाले, याला जोडून एक आयत्या वेळचा विषय आहे. उद्या सकाळी विजेचे साहेब येणार. मालाची चोरी झाली हे त्यांच्या कानावर गेलंय. गाव जबाबदारी घेत नसेल तर लाइन गावात न वळवता सरळ चाकणला नेऊ, असा त्यांचा निरोप आहे. म्हणून एकच ठराव करू. गाव वीज घेत आहे, आणि चोरी करणाऱ्या मुलीला फौजदाराच्या स्वाधीन करून पोरांच्या कोर्टामार्फत पुण्याला रिमांड होममध्ये ठेवावं अशी शिफारस करत आहे. उद्या साहेबांच्या हातात कागद पडला पाहिजे.

सरपंच दुष्टपणानं बोलत नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की तिथं मुलीला दोन वेळचं जेवण मिळेल, अक्षरओळख होईल, आईविना पोर रस्त्यावर वाढण्यापेक्षा बरं. हे त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांची स्वतःची एक मुलगी लहानपणी गेली होती आणि कुठल्याही लहान मुलीबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा.

तात्या उठले. म्हणाले, पंचायत म्हणजे काय कोर्ट आहे? चार वाट्यांसाठी पोरीला अठरा वर्षांची होईपर्यंत बापापासून तोडणार? तिथं गेलेली पोरं सुधारत नाहीत, असलेलं विसरतात. फार चांगलं बोलले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, पण ह्याच तात्यांनी चारच दिवसांपूर्वी आमच्या ओट्यावर बसून, ही पालं गावाजवळून हाकलली पाहिजेत, असं म्हटलेलं मला आठवत होतं. खांब त्यांच्या मळ्यातून जाणार होते आणि विजेची पहिली गिरणी सरपंचांचा पुतण्या घालणार होता. मुलीच्या निमित्तानं विजेचा ठरावच पडला तर त्यांना हवाच होता.

मग दोन्हीकडून सुरू झालं. इकडून म्हणायचे, तुम्हाला गाव अंधारातच ठेवायचंय. तिकडून म्हणायचे, तुम्हाला उजेड गिरणीपुरताच हवाय. एकजण म्हणाला, काल वाटी नेली, उद्या तार नेतील. दुसरा म्हणाला, तार तर तुझ्याच गोठ्याला गुंडाळलेली दिसली परवा. यावर मात्र दोन्ही पार्ट्या हसल्या, कारण ते खरं होतं.

मी उभी राहून सांगितलं की मी पाल बघून आले आहे, वाट्या कशासाठी नेल्यात ते असं असं आहे. लेकराला मुंग्या लागू नयेत म्हणून, हे ऐकून वरच्या पार्टीतले एकजण म्हणाले, वहिनी, मुंग्यांचा विषय पत्रिकेवर नाही. मी म्हटलं, मुलीचाही नाही. दोन विषय वेगळे करा, मी पहिल्याला हात वर करते. सरपंच म्हणाले, वेळ नाही, साहेबांना एकच कागद हवा. तात्या म्हणाले, जोडून घेणार असाल तर दोन्ही पाडू.

मी खाली बसले आणि माझा हिशेब मलाच नकोसा झाला. मी हात वर केला तर मुलगी जाणार. नाही केला तर समसमान राहत नाही, ठराव पडतो आणि वीज जाते. विहिरीचा दोर आणि ओसरीवर बसलेली ती पोर, दोन्ही एकाच हातावर येऊन पडली होती. बाहेर तिचा बाप उन्हातच उकिडवा बसलेला दिसत होता. कुदळ शेजारी ठेवलेली.

सरपंच हात वर करायला सांगणार इतक्यात तात्यांनी आपल्या माणसांकडं पाहिलं आणि ते सगळे उठून बाहेर पडले. त्यांचाही हिशेब सरळ होता. माझं मन डळमळलंय हे त्यांना कुठून कळणार? मी वरच्या आळीतली. मतं समान पडणार आणि सरपंच जादा मत टाकणार, त्यापेक्षा कोरम मोडलेला बरा. जाताना तात्या म्हणाले, बसा आता दिवे लावत.

सरपंच हसले. "जाऊ दे. सभा अर्ध्या तासासाठी तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, राव."

हे बरोबरच होतं. कोरम मोडला की सभा तहकूब करायची, पुन्हा बसली की जेवढे असतील तेवढ्यांनी काम उरकायचं. सगळ्यांनी तंबाखूच्या चंच्या सोडल्या. आणि मला मागच्या वर्षीची गोष्ट आठवली. विहिरीला कठडा बांधण्याचा विषय मी आयत्या वेळी मांडला होता. तेव्हाही कोरम मोडला, सभा तहकूब झाली, आणि परत बसल्यावर चिटणीस मला म्हणाले होते की तहकूब सभेत नोटिशीवरचे राहिलेले विषय तेवढे घेता येतात, आयत्या वेळचे घेता येत नाहीत. कठडा त्यामुळं सहा महिने लांबला होता. राग आला होता तेव्हा.

अर्ध्या तासानं बसलो. सरपंचांनी जोडठराव वाचायला घेतला. मी म्हटलं, विषय चार नोटिशीवर जसा आहे तसाच घ्यावा लागेल. सरपंचांनी चिटणिसांकडं पाहिलं. चिटणीस बिचारे दोन्ही पार्ट्यांना भिऊन असायचे, पण आता एकच पार्टी समोर होती, त्यामुळं त्यांना थोडं धैर्य आलं. म्हणाले, बाईंचं म्हणणं नियमाला धरून आहे. आयत्या वेळचा विषय तहकूब सभेत येत नाही. वर तक्रार गेली तर सगळा ठरावच रद्द होईल, विजेचाही.

विजेचाही म्हटल्यावर सरपंचांनी जोडठरावाचा कागद बाजूला ठेवला. मग विषय चार नोटिशीवर होता तसा मांडला. गाव वीज घेत आहे, जागा देत आहे. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

सभा संपल्यावर सरपंच मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही नक्की आमच्या की त्यांच्या?"

"मी विषय क्रमांक चारची," मी म्हटलं.

ते रागावले होते, पण हसू आवरलं नाही त्यांना. बाहेर पोलीस पाटलांना ठरावात मुलीचा उल्लेख नाही असं कळलं. त्यांनी मोठा श्वास सोडला. अंधार पडल्यावर हिला कुठं ठेवायची, याच काळजीत ते दुपारपासून होते. त्यांनी तिला जा म्हणून सांगितलं. ती बापाकडं न जाता थेट पालाकडं पळाली.

सकाळी साहेब आले. तरुण होते, पुण्याचे, गाडीत सोबत एक वायरमन. सरपंचांनी ठराव दिला आणि चाचरत सांगायला लागले की मुलीबद्दलचा भाग तांत्रिक अडचणीमुळं राहिला.

साहेबांनी विचारलं, "कोणती मुलगी?"

त्यांनी निरोप इतकाच दिला होता, की रस्त्यात पडलेल्या मालाची जबाबदारी गावानं लेखी घ्यावी. मुलीचं नावही त्यांच्यापर्यंत गेलं नव्हतं. निरोप रखवालदारानं मुकादमाला, मुकादमानं सरपंचांच्या पुतण्याला आणि त्यानं सरपंचांना सांगितला होता, आणि वीज हातची जाईल या धास्तीनं प्रत्येकानं त्यात आपली थोडी थोडी भर घातली होती. सरपंचांचा चेहरा उतरला. मला त्यांची कीव आली. आदल्या दिवशी त्यांनी जे मागितलं ते कुणीच मागितलेलं नव्हतं. मालाच्या जबाबदारीच्या दोन ओळी त्यांनी तिथंच लिहून दिल्या.

वाट्या बघायला साहेब पालाकडं गेले, आम्हीही मागोमाग. मुलगी बाजेपुढं आडवी उभी राहिली. साहेब खाली बसले, काठीचं टोक, भोक, पाण्याचं कडं, सगळं वाकून पाहिलं. वायरमन हसायला लागला. म्हणाला, साहेब, आपण खांबावर हेच करतो की. वरचं खाली उतरू देत नाही. हिनं खालचं वर चढू दिलं नाही.

साहेबांनी तिला विचारलं, हे कुणी शिकवलं. ती म्हणाली, "मुंग्या चावल्या की कळतंय."

साहेबांनी वायरमनला चार वाट्या मोडतोडीत धरायला सांगितल्या आणि उठले.

संध्याकाळपर्यंत गावभर दोन बातम्या होत्या. वरच्या आळीत, आम्ही वीज आणली. खालच्या आळीत, आम्ही पोर सोडवली. तात्या मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, बघितलंत, आम्ही उठलो म्हणून वाचली. मी हो म्हटलं. ते उठले नसते तर सभा तहकूब झाली नसती, हे खरंच होतं. आणि त्या दिवसापासून पालं हाकला असं ते कधी बोलले नाहीत. पोर आपण वाचवली म्हटल्यावर तिच्या बापाला हाकलणार कसे?

पुढच्या आठवड्यात खांब गावाबाहेर गेले, पालंही गेली. सकाळी दार उघडलं तर ओट्यावर त्या चार वाट्या एका ओळीत ठेवलेल्या. राखेनं घासून लख्ख केलेल्या. बाप घाबरला असणार. चावडीपर्यंत गेलेली वस्तू जवळ नको, असं त्यानं म्हटलं असेल. मी त्या घेऊन पंचायतीत गेले. सरपंचांनी एक वाटी हातात घेऊन फिरवून पाहिली.

म्हणाले, मोडलेल्या म्हणून धरलेल्या वस्तू परत जमा कशा करायच्या? नोटीस काढावी लागेल, विषय घ्यावा लागेल. मी म्हटलं, आयत्या वेळी घ्या. त्यांनी वाटी पिशवीत परत ठेवली आणि म्हणाले, "माझी कांद्याची गाडी उद्या चाकणला जातीय. मागं जागा आहे."

दुसऱ्या दिवशी कांद्याच्या पोत्यांवर बसून मी निघाले. कुरुळीच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला पालं दिसली. गाडीवानानं बैल सावलीला धरले. ती मुलगी लेकराला मांडीवर घेऊन त्याच्या पायाला काहीतरी चोळत होती. पायावर लाल गांधी उठल्या होत्या. बाजेच्या काठ्यांखाली आता नारळाच्या करवंट्या होत्या, दोन कलंडलेल्या, पाणी मातीत जिरलेलं.

मी पिशवीतून वाट्या काढल्या. तिनं हात पुढं केला नाही. आधी बापाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मावशे, ह्याचा ठराव झालाय का?"

"ह्याला ठराव लागत नाही," मी म्हटलं. "ह्या मोडलेल्या आहेत."

तिनं लेकरू शेजारच्या पालातल्या म्हातारीकडं दिलं आणि एक वाटी उलटसुलट करून पाहिली. कुठंच तडा नव्हता. बाप उठला आणि त्यानं बाज एका कोपऱ्यानं उचलून धरली. मी करवंटी काढून वाटी सरकवली, तिनं लोट्यानं कडं भरलं. मग दुसरा कोपरा. तिसऱ्याला बाज जरा हलली आणि लेकरू म्हातारीच्या मांडीवरून तिच्याकडं झेपावून रडायला लागलं.

"थांब की रं," ती त्याला म्हणाली, "चौथी राहिलीय."